सल्ला: व्हीआर हेडसेट आत्ता घ्यावा, की चष्म्यांची वाट पाहावी?

पत्र:

आमच्या घरी सध्या व्हीआर हेडसेटवरून, म्हणजे डोळ्यांवर लावून आभासी जग बघायच्या यंत्रावरून, वाद चालू आहे. मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्याला गेम खेळायला हवाय. माझे वडील बहात्तर वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे त्यांचं फिरणं बंद झालंय. आयुष्यभर भटकलेला माणूस, निदान घरबसल्या डोंगर-समुद्र बघता यावेत असं मला फार वाटतं. धाकटा भाऊ संगणक क्षेत्रात आहे. तो म्हणतो, "व्हीआर संपलं. कंपन्यांनी हात आखडता घेतलाय. दोन वर्षांत साध्या चष्म्यात हेच सगळं येईल, तोवर थांब." काही वर्षांपूर्वी आम्ही फोन घालायचा पुठ्ठ्याचा डबा आणला होता. वडिलांना पाच मिनिटांत गरगरलं आणि डबा माळ्यावर गेला. पुन्हा तसंच होईल याची धास्ती वाटते. शिवाय मला आणि वडिलांना दोघांनाही चष्मा आहे. या वस्तूला खरंच भविष्य आहे का? घ्यावी की थांबावं?

– बाप आणि लेक यांच्या मध्ये सापडलेली एक वाचक

उत्तर:

नमस्कार ताई,

आधी त्या पुठ्ठ्याच्या डब्याचं बोलू, कारण तुमची निम्मी भीती तिथूनच आलेली आहे.

गूगलने 2014 साली तो डबा काढला तेव्हा कल्पना छान होती. दोन भिंगं, थोडा पुठ्ठा आणि खिशातला फोन. पण मान कुठे वळली एवढंच त्या फोनला कळायचं. वडील खुर्चीत जरा पुढे झुकले असतील, काही नीट दिसावं म्हणून त्यांनी मान पुढे काढली असेल, तर ते फोनच्या गावीही नव्हतं. समोरचा डोंगर त्यांच्याबरोबर तेवढाच पुढे सरकायचा. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो की आपण हललो, आणि डोळे सांगतात की जागचे हललो नाही. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. त्यात फोनवरचं चित्र मानेच्या मागून रखडत यायचं. वडिलांच्या वयाचा यात फारसा दोष नव्हता. त्या डब्याने विशीतल्या धडधाकट पोरांनाही गरगरायचं.

आजच्या हेडसेटला बाहेरच्या बाजूने कॅमेरे असतात. भिंतीचे कोपरे, टेबलाच्या कडा ते सतत टिपत राहतात आणि त्यावरून डोकं किती सरकलं हे ओळखतात. तुम्ही झुकलात की वस्तू जवळ येते, बाजूला झालात की तिची कड दिसते. चित्र सेकंदाला साधारण 90 वेळा बदलतं, आणि मान हलल्यावर ते 20 मिलिसेकंदांच्या आत बदललं पाहिजे हे पथ्य बनवणारे पाळतात. फोनवाले डबे गूगल आणि सॅमसंग दोघांनीही 2019-20च्या सुमाराला गुंडाळले. त्या डब्यावरून आजच्या हेडसेटबद्दल मत बनवू नका.

तरीही गरगरणं पूर्ण गेलेलं नाही. शरीर खुर्चीत आणि चित्र मात्र तुम्हाला पळवतंय, असं झालं की त्रास होतोच. आकाशपाळणे, ड्रोनवरून घेतलेली दृश्यं, हातातल्या नियंत्रकावरची काडी अंगठ्याने ढकलून चालायचे गेम हे सगळं वडिलांसाठी निदान सुरुवातीला वर्ज्य समजा. त्यांनी अशा जागा बघाव्यात जिथे कॅमेरा एका ठिकाणी स्थिर आहे आणि बघणारा फक्त आजूबाजूला पाहतो.

इथे एक बारकावा आहे, जो विकणारे सहसा सांगत नाहीत. प्रवासाच्या म्हणून ज्या गोल फिरून बघायच्या चित्रफिती मिळतात, त्या उत्तम हेडसेटमध्येही झुकण्याला दाद देत नाहीत. कारण त्या कॅमेऱ्याने एकाच बिंदूवरून टिपलेल्या असतात. शिवाय त्या धूसर दिसतात. 4के चित्रफितीत आडवे 3840 ठिपके असतात. टीव्हीवर ते सगळे समोर दिसतात, पण इथे ते तुमच्याभोवती 360 अंशांत पसरायचे असतात. म्हणजे एका अंशाला जेमतेम 11 ठिपके. निरोगी डोळा अंशाला साधारण 60 ठिपके वेगळे ओळखू शकतो. म्हणून दूरवरचं गाव, झाडांची पानं, माणसांचे चेहरे पुसट दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं की आपलाच चष्मा बदलायला झालाय. 8के चित्रफीत असेल तर आकडा 21वर जातो आणि फरक लगेच जाणवतो. वडिलांसाठी शोधताना 8के शोधा, किंवा समोरच्या निम्म्याच वर्तुळात, 180 अंशांत टिपलेल्या फिती घ्या. तेवढेच ठिपके निम्म्या जागेत बसतात. त्याहून चांगल्या म्हणजे शेकडो छायाचित्रांवरून त्रिमितीत उभारलेल्या जागा. त्यांत झुकता येतं, खडकाच्या मागे डोकावता येतं. अशा जागा संख्येने कमी आहेत, पण भटक्या माणसाला खरी गोडी तिथेच लागेल.

आता भावाचं. त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं मुळीच नाही. डोक्याला लावून बघायचं यंत्र आयव्हन सदरलँडने 1968 सालीच करून दाखवलं होतं. ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागे. 1995 साली निंटेंडोने घरगुती यंत्र विकायला काढलं, त्यात सगळं लाल रंगात दिसायचं, आणि वर्षभरात ते बंद करावं लागलं. 2012 साली ऑक्युलस नावाच्या छोट्या कंपनीने लोकवर्गणीतून पैसा उभा केला आणि दोनच वर्षांत फेसबुकने ती सुमारे 2 अब्ज डॉलर मोजून विकत घेतली. तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी "आता घराघरात हेडसेट" अशी द्वाही फिरते आणि तसं होत नाही. मेटाच्या, म्हणजे नाव बदललेल्या त्याच फेसबुक कंपनीच्या, ज्या विभागातून हे हेडसेट निघतात, त्याचा 2023चा तोटा 16 अब्ज डॉलरच्या वर होता आणि 2024चा 17 अब्जांच्या वर. असा खर्च कोणी कायम सोसत नाही.

भावाच्या बाजूने याहून जड पुरावा मायक्रोसॉफ्टचा आहे. विंडोजवर चालणारे हेडसेट एसर, डेल, लेनोवो, एचपी, सॅमसंग अशा नावाजलेल्या कंपन्यांनी विकले. डिसेंबर 2023मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली ते हेडसेट चालवणारी सोय बंद करणार असल्याचं सांगितलं आणि 2024च्या विंडोज 11मधून ती काढूनच टाकली. भिंगं शाबूत, स्क्रीन शाबूत, पण संगणक अद्ययावत केला की हेडसेट निकामी. मला या प्रकाराची मनापासून चीड आहे. पैसे देऊन घेतलेली वस्तू न बिघडता बाद व्हावी, हे ग्राहकाने निमूट सोसू नये. पण आज तरी वस्तुस्थिती हीच आहे, आणि तुमचा निर्णय ती धरूनच व्हायला हवा.

भाऊ चुकतो तो चष्म्यांच्या बाबतीत. चष्मा येतोय हे खरं. 2025 साली मेटाचा जो पडदावाला चष्मा विक्रीला आला, त्यात एका डोळ्यासमोर सुमारे 20 अंशांची छोटी चौकट दिसते. संदेश वाचायला, रस्ता बघायला, भाषांतराला ती पुरते. हेडसेटमध्ये दृश्य 100 अंशांच्या आसपास पसरलेलं असतं. मेटानेच 2024मध्ये दाखवलेल्या प्रायोगिक चष्म्यात सुमारे 70 अंश गाठले होते, पण गणनेचं यंत्र वेगळ्या डबीत खिशात ठेवावं लागत होतं आणि तो चष्मा विकायला नव्हताच. आणि समजा उद्या अंश वाढले, तरी पारदर्शक काचेची अडचण राहतेच. ती बाहेरच्या उजेडात आपला उजेड मिसळते. तिला काळा रंग दाखवता येत नाही. रात्रीचं चांदणं, गुहेतला अंधार, समोरची खोली पुसून तिथे उभा केलेला समुद्र, हे सगळं दाखवायला बाहेरचा उजेड अडवावा लागतो, आणि उजेड अडवला की ते पुन्हा हेडसेटच झालं.

चष्म्याची स्पर्धा फोनशी आहे. हेडसेटची स्पर्धा टीव्ही आणि गेमच्या यंत्राशी आहे. वडिलांसाठी तुम्हाला जे हवंय, ते दोन वर्षांनीही चष्म्यात मिळणार नाही असं माझं ठाम मत आहे.

मग हेडसेटचं भविष्य काय? माझ्या मते हेडसेट घरातल्या शिवणयंत्रासारखा राहील. ज्याला त्याचं काम आहे त्याच्या घरी तो रोज उघडेल, बाकीच्यांना त्याची आठवणही येणार नाही. दिवसभर डोक्यावर घालून ऑफिसचं काम करायचं जे स्वप्न दाखवलं जातं, ते नजीकच्या काळात खरं होताना मला दिसत नाही. ॲपलने 2024मध्ये 3,499 डॉलरचा हेडसेट आणला. त्याचं चित्र अप्रतिम आहे यात वाद नाही, पण वजन 600 ग्रॅमच्या वर, बॅटरी वेगळी आणि तारेने जोडलेली. इतके पैसे ओतूनही मानेवरचं ओझं हटलं नाही.

वजनापेक्षा अवघड गाठ डोळ्यांची आहे. हेडसेटमधली भिंगं अशी बसवलेली असतात की डोळ्याला सगळं चित्र दीड-दोन मीटरवर असल्यासारखं जुळवून घ्यावं लागतं. पण हातातली वस्तू नाकाजवळ आणली की दोन्ही बुबुळं आत वळतात, जणू ती वीतभर अंतरावर आहे. बुबुळं एक अंतर धरतात, डोळ्याचं भिंग दुसरं. खऱ्या जगात असं कधी होत नाही. म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने डोळे शिणतात. यावर उपाय म्हणून स्क्रीन पुढे-मागे सरकणारा नमुना 2018 सालीच दाखवला गेला होता, पण घरगुती हेडसेटमध्ये ते तंत्र अजून उतरलेलं नाही. ते उतरेपर्यंत हेडसेट अर्ध्या तासाचीच वस्तू आहे, जाहिरातीत काहीही म्हणोत.

अर्ध्या तासाची वस्तू असणं ही काही कमी गोष्ट नाही. तालावर हात फिरवायचे गेम खेळताना दरदरून घाम फुटतो, आणि व्यायाम म्हटलं की पळ काढणारी मुलं ते आवडीने खेळतात. शस्त्रक्रियेचा आणि विमान चालवण्याचा सराव यावर होतो. जुनाट कंबरदुखीसाठी घरी वापरायच्या एका व्हीआर उपचाराला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर 2021मध्ये मान्यता दिली. हे उपयोग टिकाऊ आहेत. एखाद्या कंपनीचा उत्साह ओसरला तरी ते ओसरणार नाहीत. आणि आता हे क्षेत्र एकट्या मेटाच्या जिवावर उरलेलं नाही. सॅमसंगने ऑक्टोबर 2025मध्ये गूगलच्या नव्या प्रणालीवरचा हेडसेट आणला, व्हॉल्व या गेम कंपनीने पुढच्याच महिन्यात आपला जाहीर केला. "व्हीआर संपलं" म्हणणाऱ्याने एवढं तरी लक्षात घ्यावं.

थांबलं तर स्वस्त मिळेल, या हिशेबावर विसंबू नका. फोन-टीव्हीची सवय असल्यामुळे आपल्याला तसं वाटतं. मेटाचा दुसरा क्वेस्ट (क्वेस्ट हे त्यांच्या हेडसेटचं नाव) 2020 साली 299 डॉलरला आला आणि ऑगस्ट 2022मध्ये त्याचीच किंमत 100 डॉलरनी वाढली. जुन्या होत चाललेल्या यंत्राची किंमत वाढणं विरळाच. ती पुढे उतरली, आणि 2024मध्ये बराच सरस असलेला क्वेस्ट थ्री-एस पुन्हा 299 डॉलरलाच आला. म्हणजे त्याच पैशात वस्तू सुधारते, पण स्वस्त होत नाही. कंपनी आज हेडसेटवर फारसा नफा न ठेवता तो विकते. तोटा सोसायचा कंटाळा आला की पहिला फटका किमतीला बसेल.

आयुष्य चार-पाच वर्षांचं धरा. पहिला क्वेस्ट 2019चा. 2023 उजाडताच कंपनीने कळवलं की त्याला नवीन सोयी मिळणार नाहीत, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही 2024नंतर नाहीत. म्हणून गेमच्या दुकानात पैसे ओतू नका. मुलाला एका वेळी एकच गेम घेऊ द्या. तो खेळून कंटाळला की दुसरा.

आता तुमच्या घराचं बघू. चष्मा ही मोठी अडचण नाही. नंबरची भिंगं बनवून हेडसेटमध्ये चुंबकाने किंवा खाचेत बसवता येतात, आणि चष्मा घालूनच वापरायचा असेल तर मध्ये अंतर ठेवणारी पट्टी मिळते. ती न लावता चष्मा कोंबला तर दोन्ही काचांवर ओरखडे पडतात, आणि हेडसेटच्या भिंगावरचा ओरखडा दुरुस्त होत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर. प्रौढांत ते सरासरी 63 मिलिमीटरच्या जवळपास असतं, पण माणसागणिक बदलतं. आरशासमोर पट्टी भुवईखाली धरून तिघांचंही मोजा, किंवा चष्म्याच्या दुकानात विचारा. थ्री-एसमध्ये भिंगांच्या तीनच जागा आहेत: 58, 63 आणि 68. क्वेस्ट थ्रीमध्ये चाक फिरवून हवं ते अंतर लावता येतं आणि भिंगंही सरस आहेत, कडेपर्यंत स्पष्ट दिसतं. हेडसेट एकाने काढून दुसऱ्याने घालायचा असेल तर हे चाक फार उपयोगी पडतं. अंतर चुकीचं लागलं तर डोकं दुखतं आणि दोष मात्र वस्तूला दिला जातो. तिघांपैकी कोणाचं अंतर त्या तीन आकड्यांपासून लांब असेल, तर थोडे पैसे जास्त घालून चाकवाला घ्या. नसेल तर थ्री-एस पुरेसा आहे.

वडिलांना चक्कर येण्याचा जुना त्रास, फिट्स किंवा पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका. नसेल तरी त्यांनी उभं राहून वापरायचं नाही, एकदाही नाही. डोळे झाकलेले असताना दुखऱ्या गुडघ्यांवरचा तोल जायला क्षण पुरतो. जागेवर गोल फिरणारी पण चाकं नसलेली खुर्ची द्या आणि पहिले काही दिवस दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. जरा मळमळलं की लगेच काढायचा. "होईल सवय" म्हणून रेटलं तर सवय व्हायची ती किळसेची होते. हेडसेटमधलं दृश्य टीव्हीवर किंवा फोनवर दाखवता येतं, तेही सुरू ठेवा. म्हणजे ते काय बघताहेत ते तुम्हालाही दिसेल आणि त्यांना बोलायला कोणीतरी सोबत असेल. हेडसेट माणसाला घरातल्यांपासून तोडतो ही तक्रार खरी आहे, आणि म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ती जास्त लागते.

मुलाचं वय नियमात बसतं, पण लक्ष ठेवायला लागेल. गेमपेक्षाही ज्या आभासी खोल्यांत अनोळखी माणसं थेट आवाजात बोलतात, त्यांची मला काळजी वाटते. पालकांसाठीची देखरेख पहिल्याच दिवशी तुमच्या फोनवरून सुरू करा, आणि का करतोय हे त्याला तोंडावर सांगा. त्याला खेळायला निदान दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा लागेल. हेडसेट खिडकीत ठेवू नका. भिंगांतून आलेलं ऊन स्क्रीनवर एका बिंदूत गोळा होतं आणि कायमचा डाग पाडतं.

माझा निर्णय असा. आत्ता लगेच विकत घेऊ नका, आणि दोन वर्षं थांबूही नका. कोणाकडून तरी एक-दोन दिवसांसाठी आजचा हेडसेट मागून आणा, किंवा भाड्याने मिळत असेल तर भाड्याने आणा. वडिलांना खुर्चीत बसवा, स्थिर कॅमेऱ्याची 8के फीत लावा. दहा मिनिटं ते सुखाने बसले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून मागितला, तर घ्या. भाऊ काहीही म्हणो. ते बसले नाहीत, तर त्यांच्या नावाने घेऊ नका. मग तो फक्त मुलाचा खेळ उरतो, आणि त्यासाठी एवढा खर्च करायचा का, हे वडिलांचा विषय बाजूला ठेवून स्वच्छ मनाने ठरवा. मुलाला हेही विचारा की पहिला उत्साह ओसरल्यावर आठवड्यातला कुठला वेळ तो याला देणार आहे. त्याच्याकडे उत्तर असेल तर तोही हक्काचा वापरणारा आहे.

घेतलात तर खोकं फोडण्याआधी परत करायची मुदत नीट वाचून घ्या, आणि ती संपेपर्यंत खोकं व बिल जपून ठेवा. नंबरची भिंगं मात्र ती मुदत उलटल्यावरच बनवायला टाका, कारण ती परत घेतली जात नाहीत.